पंपात आणखी काय होतं?

प्रभाकर,

रामसूरत काल आपल्या पायांनी वॉर्डाबाहेर गेला. हात अजून थरथरतात, पण पेला धरता येतो, नाव-गाव नीट सांगतो. जाताना त्यानं विचारलं, "डॉक्टरनीजी, वो मराठी साहब नहीं आए?" मी म्हटलं, "बाहर गए हैं." बारा दिवस आम्ही सगळ्यांनी त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं. बिहारहून पोटासाठी आलेला शेतमजूर, दुसऱ्याच्या पंपातलं विष अंगावर घेऊन मरता मरता वाचलेला. त्याच्या डोक्यावर आणखी हे ओझं कशाला, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण ते नव्हतं. त्याला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि सगळं मी कालपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

तुझी-माझी ओळखही अशाच एका पेशंटमुळे झाली होती. सहा वर्षांपूर्वी कॅज्युअल्टीत फवारणी करणारा एक माणूस आणला होता. तोंडाला फेस, अंग घामानं भिजलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. माझा ज्युनिअर अ‍ॅट्रोपिन देत होता आणि नाडी वाढली म्हणून हात आखडता घेत होता. मागून आवाज आला, "नाडी मत देखो जी, छाती सुनो. छाती सूखी होने तक देते रहो." कोण हा शहाणा म्हणून मी वळले. चुरगळलेला शर्ट, हातात पिशवीत गुंडाळलेली औषधाची बाटली. त्या हिंदीतला 'जी' पंजाबचा होता, बाकी सगळं थेट अकोल्याचं. मी मराठीत विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?" तू आधी दचकलास, मग हसलास.

"नाही ताई. मी किड्यांचा मारेकरी. पण हे माणसाले बी तसंच मारते, म्हून सांगून रायलो."

तो माणूस वाचला. तू मला पहिल्या वाक्यापासून ताई म्हणालास आणि शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणत राहिलास. मी मात्र दुसऱ्याच भेटीत तुझ्यावर अरे-तुरे करून ओरडले होते. तुला आठवत असेल. मी म्हटलं होतं, तुझी ती प्रयोगशाळा बंद करायला हवी. तू जे तपासून चांगलं म्हणतोस ते माझ्या खाटेवर येऊन पडतं.

महिनाभरानं तू एक तक्ता घेऊन आलास, हिंदीत आणि पंजाबीत, तुझ्याच हातानं लिहिलेला. आपल्याकडच्या बाजारात मिळणाऱ्या औषधांची नावं, डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग, कुठल्या औषधानं माणसाला काय होतं, आणि काय द्यायचं, काय द्यायचं नाही. तो कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावला तेव्हा आमच्यातले दोन-तीन मोठे डॉक्टर हसले, की आता किडेवाला आम्हाला शिकवणार. नंतर तेच लोक रात्रपाळीच्या पोरांना सांगायचे, आधी भिंत वाच. त्या भिंतीमुळे किती माणसं घरी गेली ते मी मोजलेलं नाही. तुला त्याबद्दल धन्यवाद म्हटल्याचंही मला आठवत नाही. आपल्यात तशी पद्धतच पडली नाही. तू आलास की मी भांडायचे आणि मग वाढायचे.

माझी केतकी सातवीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला कीटकनाशकांचा विषय तूच सुचवलास. तुझा एवढा मोठा विषय तू आमच्या स्वयंपाकघरात ओट्याजवळ उभा राहून, भेंडीचं एक देठ हातात घेऊन सांगितलास. पानावर औषध पडलं, अळीनं पान खाल्लं, ते पोटात गेलं, अळी मेली: हे पोटविष. अळीच्या अंगाला लागलं, कातडीतून आत शिरलं: हे स्पर्शविष. आणि झाडानंच शोषून घेतलं, रसात मिसळलं, मग मावा नावाचा किडा तो रस प्यायला आणि मेला: हे आंतरप्रवाही. केतकीला मराठी समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, "वो ठीक है मामा, पर मरता कैसे है?"

तू दाराशी गेलास, दार उघडलंस आणि आमच्या बेलवर बोट ठेवलंस. "बेल वाजली. निरोप पोचला. आता बोट काढाले पायजे. नसेत असंच असते, निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक द्रव्य असते. हे औषध त्या पुसणाऱ्याचेच हात बांधते." आणि तू बोट काढलंच नाहीस. बेल वाजत राहिली. वरच्या मजल्यावरच्या आंटीजी जिन्यात आल्या तरी वाजत राहिली. "अशी वाजत वाजत अळी थकते आणि मरते. दुसरी एक जात हाये, ती दारच उघडं ठेवते, निरोपामागं निरोप. तिसरी ब्रेक काढून घेते. गाडी सुटली, की झटके."

"और हमारे अंदर भी यही सब है?"

"हाव बेटा. अळीत बी हेच, तुझ्यात बी हेच. फरक वजनाचा."

केतकी त्या रात्री जेवली नाही, आणि मी त्यावरूनही तुझ्याशी भांडले.

पण ज्या भांडणात मी पूर्णपणे तुझ्या बाजूनं होते, ते माझं नव्हतं. अरुणचे एक मित्र, लष्करातले, बदलून पंजाबात आले होते आणि आमच्याकडे जेवायला होते. त्या आठवड्यात अतिरेक्यांनी कुठेतरी बस थांबवून माणसं मारली होती. ते भाताचा घास कालवत म्हणाले, "कीड लागलीये हो या प्रांताला. एकदा नीट फवारणी केली पाहिजे." टेबलावर सगळ्यांनी माना डोलावल्या. तू ताट बाजूला सरकवलंस. तुझा आवाज चढला नव्हता, पण तुझं वऱ्हाडी पार गेलं होतं. तू शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणालास, "मी वीस वर्षं कीड मारतो आहे. कीड कशी मरते ते मी रोज भिंगातून बघतो. माणसांबद्दल बोलताना हा शब्द माझ्यासमोर वापरू नका." मंगलानं बायकोच्या हक्कानं तुझा हात दाबला. जेवण कसंबसं उरकलं. रात्री आमच्या खोलीत अरुण मला म्हणाला, प्रभाकरनं पाहुण्यांचा अपमान केला. मी म्हटलं, बरं केलं.

गुरमेलसिंगची फ्लॉवरची शेती तू मला दाखवली होतीस. मुल्लानपूरच्या पुढे, कालव्याच्या कडेला. पानाला बोट लावलं की इवलीशी हिरवी अळी वळवळत मागे सरायची आणि एका धाग्यावर लोंबकळायची. तू म्हणालास, दहा वर्षांपूर्वी ही एका फवारणीत मरत होती. आता पाच फवारण्यांत मरत नाही. जी मेली ती मेली, जी उरली तिचीच पिल्लं झाली, आणि त्यांना हे विष म्हणजे पाणी. गुरमेलला तू एक वेगळी पावडर दिली होतीस, जिवाणूंची. ती फक्त अळीच्या पोटात फुटते, माणसाला काही करत नाही. अळी दोन तासांत खायचं थांबते, पण मरायला दोन-तीन दिवस घेते. गुरमेल दुसऱ्या दिवशी शेतात गेला, अळ्या पानावर जिवंत दिसल्या, आणि त्यानं पुन्हा जुना डबा उघडला. तू त्याला समजावत होतास, "सरदारजी, जिंदा है, पर खा नहीं रही. दो दिन रुको." तो म्हणाला, "डॉक्टरसाब, इन्नी देर कौन रुकदा ए अजकल?" एवढा वेळ हल्ली कोण थांबतो. परतीच्या वाटेवर तू म्हणालास, "बरोबर बोलला तो."

आता तो दिवस.

अतिरेक्यांनी पुकारलेला बंद होता. बस नाही, दुकानं नाहीत, रस्त्यावर फक्त पोलिसांच्या जीपगाड्या. सकाळी दहाच्या सुमाराला गुरमेलनं स्वतः ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवतावर टाकून रामसूरतला आणलं. सकाळपासून तो फ्लॉवरवर फवारत होता, उघड्या पाठीवर पंप, आणि पंप गळका. गुरमेलनं मला एकाच औषधाचं नाव सांगितलं, ते बेल वाजवत ठेवणारं. मी स्ट्रेचरकडे वळून परत बघते तो गुरमेल गायब. मला त्याचा राग आला नाही. विषबाधा म्हणजे पोलिसांना कळवणं आलं, आणि इस्पितळातच पोलीस चौकी. त्याच्या पुतण्याला आदल्या वर्षी पोलिसांनी घरातून नेलं होतं, तो परत आलेला नाही, हे तूच मला सांगितलं होतंस.

दुपारी एकपर्यंत रामसूरतची छाती कोरडी झाली, बाहुल्या मोठ्या झाल्या. आता तो शांत व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याला झटके यायला लागले. एक थांबला की दुसरा. झटके एका औषधानं येतात तसे दुसऱ्यानंही येतात, आणि आमच्या अ‍ॅट्रोपिनचा अतिरेक झाला तरी माणूस असाच भ्रमिष्टासारखा हात-पाय झाडतो. आणखी द्यायचं की थांबवायचं, हेच मला कळेना. चुकले असते तर तो गेला असता.

मी तुझ्या घरी फोन केला. मंगलानं उचलला. मी तिला बरी आहेस का, एवढंही विचारलं नाही. म्हटलं, प्रभाकरला दे.

"पंपात आणखी काय होतं?" मी विचारलं. "गुरमेल एकच म्हणतो. मला खरं वाटत नाही."

"खोटं बोलून रायला तो. त्याच्या खोलीत दोन-तीन डबे पाह्यले मी. पण पंपात काय काय टाकलं, ते कसं सांगू?"

"पोलीस पाठवले तर तो पळून जाईल. तुला सांगेल तो."

तू म्हणालास, "आज बंद हाये ताई."

"माहीत आहे मला."

"निघतो."

बस, एवढंच बोलणं. मी तुला जा म्हटलं नाही, असं मी पहिले दोन दिवस स्वतःला सांगत होते. पण म्हणायला काय बाकी ठेवलं होतं? मंगला तुला म्हणाली म्हणे, कुणाला तरी सोबत ने. स्कूटरवर मागे कुणाला बसवायला हल्ली बंदीच आहे. तू एकटा गेलास.

साडेतीनला फोन आला. गुरमेलच्या घरी फोन नाही. गावातला गुरांचा दवाखाना बंद होता, तो तू कंपाउंडरला घरातून उठवून उघडायला लावला होतास. आवाज विहिरीतून आल्यासारखा होता.

"लिहा ताई. त्यानं सांगितलेलं एक, ते खरं हाये. दुसरं एंडोसल्फान, भरपूर. तिसरं सायपरमेथ्रिन, थोडं. तिन्ही एकाच पंपात. तुमचे झटके दुसऱ्याचे. त्यानं ब्रेक काढले. छाती कोरडी असंल तर अ‍ॅट्रोपिन वाढवू नका, झटके दाबा."

"नक्की?"

"बाटल्या माझ्या हातात हायेत." मग तू म्हणालास, "गुरमेल म्हणतो आज इथंच राहा, उद्या सकाळी जा. बाटल्या पायजेत का तुमाले?"

माझ्या मागे रामसूरतला पुन्हा झटका आला होता आणि सिस्टर मला हाका मारत होती. मी म्हटलं, "हो, घेऊन ये," आणि फोन ठेवला.

प्रभाकर, मला बाटल्यांची गरज नव्हती. नावं कळली होती. औषधोपचारासाठी त्या लागणारच नव्हत्या. पोलिसांच्या कागदाला लागल्या असत्या, नमुना म्हणून, आणि त्यासाठी दुसरा दिवसही चालला असता, चौथाही चालला असता. मी विचारच केला नाही. चांगली डॉक्टर फाईल पुरी ठेवते, त्या सवयीनं तोंडातून हो गेलं.

परतताना तुझं टायर पंक्चर झालं. सायकल दुरुस्तीचं एक दुकान, बंद असलेलं, आणि बंद असूनही सवयीनं दाराशी बसलेले एक म्हातारे सरदारजी. त्यांनी तुझ्यासाठी दार अर्धं उघडलं. तुम्ही दोघं चाक काढत होता तेव्हा मोटारसायकल आली. तिच्यावर दोघं बसलेले होते. गोळ्या तुझ्यासाठी होत्या की बंदच्या दिवशी दुकान उघडणाऱ्या म्हाताऱ्यासाठी, की कुणासाठीच नाही, फक्त रस्त्यावर दिसले म्हणून, हे कुणालाच माहीत नाही. तुमच्या दोघांच्या अंगाखाली ते चाक होतं, असं आणणाऱ्यांनी सांगितलं.

मी रामसूरतच्या खाटेशी होते. नवीन औषधानं दोन झटक्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं. खालून निरोप आला, दोन आणलेत, चला. तुझा चेहरा मी लगेच ओळखला नाही, कारण मी तो तिथे शोधत नव्हते. मग तुझ्या छातीला स्टेथोस्कोपची नळी लावली. सगळे बघत होते की हिला कळत कसं नाही. कळत होतं. पण कुठेतरी ऐकू येईल म्हणून मी नळी इकडून तिकडे सरकवत राहिले. शेवटी ज्युनिअरनं माझा हात धरला.

फौजदारानं टेबलावर तीन बाटल्या ओळीनं ठेवल्या. "ये क्या है मैडम? बम का सामान?" मी सांगितलं, फ्लॉवरवरच्या अळीचं औषध आहे. त्यानं कागदावर लिहिलं: तीन बोतल, संदिग्ध. म्हणजे संशयास्पद. त्या आता पोलिसांकडेच आहेत, तुझ्या स्कूटरबरोबर.

रामसूरतचा शेवटचा झटका तू गेल्यावर दीड तासानं आला. त्यानंतर तो झोपला. त्याला वाचवल्याबद्दल विभागप्रमुखांनी माझं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. एवढंही म्हटलं नाही की रोगनिदान माझं नव्हतं, तुझं होतं.

स्मशानात गुरमेल आला होता. लांब, भिंतीपाशी उभा होता, पोलिसांच्या गाडीकडे बघत. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आला. पगडीचं टोक तोंडाशी धरून म्हणाला, "ओहने मैनूं झिड़कया वी नहीं, डॉक्टरजी." मला तो रागावलासुद्धा नाही. तिन्ही बाटल्या समोर ठेवल्यावर तू फक्त विचारलंस म्हणे, किती झाकणं टाकलीस, आणि मग त्याच्या पाठीवर हात ठेवलास. रागावला असता, तर कदाचित दार आपटून लवकर निघाला असता, असं तो म्हणत होता. आम्ही दोघंही तुझ्या वेळेची मिनिटं पुढे-मागे करत उभे होतो.

मग लोक भेटायला येऊ लागले. अरुणचे ते मित्रही आले. म्हणाले, "वहिनी, ही कीड ठेचलीच पाहिजे." तुझं वाक्य मला तोंडपाठ होतं. मी ते म्हणू शकले असते. मी म्हटलं नाही, आणि ते भीड पडली म्हणून नव्हे. त्या क्षणी मला त्यांचं पटलं होतं. मोटारसायकलवरचे ते दोघं मी भिंगाखाली पाहिले, आणि वाजू दे बेल, असं मला वाटलं. तू हे ऐकलं असतंस तर ताट सरकवून उठला असतास. त्या भांडणात मी तुझ्या बाजूनं होते. आता कुठे उभी आहे ते मला सांगता येत नाही. ते भांडण पुरं करायला तू हवा होतास, आणि मला ते तुझ्याशी हरायचं होतं.

मंगला आज सकाळच्या गाडीनं गेली. तिचे दोन्ही भाऊ अकोल्याहून आले होते. सामान फार नव्हतंच. तुझी पुस्तकं तिनं प्रयोगशाळेला दिली. भाऊ बोगीत ट्रंका लावत होते, आम्ही दोघी फलाटावर उभ्या होतो. बारा दिवस मी तिच्याकडे जेवणाचा डबा घेऊन जात होते आणि तसाच तोंडाला कुलूप लावून परत येत होते. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. मी म्हटलं, "मंगला, त्याला मी पाठवलं."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "फोन मीच उचलला होता ना, ताई. यांचं बोलणं मी ऐकत होते. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही रोज डबा घेऊन आल्या, रोज वाटलं, आज सांगतील."

तिथे मी थांबू शकले असते. ती रडत नव्हती, तिचा आवाजही कडवट नव्हता. कदाचित तिनं माझा हातही हातात घेतला असता. पण मग मी दुसरा फोनही सांगितला. गुरमेल त्याला राहा म्हणत होता, हे. त्यानं मला विचारलं होतं, हे. बाटल्या रोग्यासाठी नव्हे, कागदासाठी लागत होत्या, आणि मी घेऊन ये म्हटलं, हेही.

भावानं दारातून हाक मारली.

"बाटल्यांचं माहीत नव्हतं," ती म्हणाली.

तिनं पदर सावरला, पायरीवर पाय ठेवला आणि वळली. "तुम्ही पत्र नका लिहू ताई. लिहावंसं वाटलं, तर मी लिहीन."

गाडी हलली. ती खिडकीशी बसली होती, पण तिनं बाहेर पाहिलं नाही.